गूळ न घातलेलं कारलं

“इथे टोचतंय का काही?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

मी महाडच्या दवाखान्यात पलंगावर आडवा होतो आणि मॅडम माझ्या उजव्या पायाच्या तळव्याशी काहीतरी करत होत्या. मी म्हणालो, “अजून तुम्ही सुरुवात कुठे केलीत?” त्यांनी हातातली सुई वर करून मला दाखवली. माझी बायको सुनंदा पायाशी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता, कारण तिने सगळं पाहिलं होतं. मॅडम केव्हाच्या टोचत होत्या.

“याला डायबेटिक न्यूरोपथी म्हणतात,” त्या म्हणाल्या. म्हणजे रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि दुखणं, भाजणं, टोचणं काही कळत नाही. मला मधुमेह आहे ही बातमी मला अशी त्या वाक्याच्या पोटातून मिळाली. एचबीएवनसी नावाची तपासणी केली. ती मागच्या काही महिन्यांतली साखरेची सरासरी सांगते. माझी अकराच्या वर निघाली. सातच्या आत असायला हवी होती.

मी आचारी आहे. महाडपासून पोलादपूरपर्यंत, वर आंबेनळीच्या वाटेवरच्या वाड्यांपर्यंत आणि खाली कशेडीच्या पायथ्यापर्यंत लग्न, हळद, बारसं, जयंती, काही असलं की लोक “विलासदादाला सांगा” म्हणतात. हे मी फुशारकीने सांगतोय असं वाटलं तर तसंच समजा, कारण आहेच ती फुशारकी. दवाखान्यात मला आणलं तेसुद्धा कामावरूनच.

शिवथरच्या बाजूला एका घरची हळद होती. अंगणात चर खणून लांब चुलाण केलं होतं, त्यावर भाताचे आणि डाळीचे टोप. मी नेहमीसारखा अनवाणी. सुनंदा शेजारी कांदा चिरत होती. ती नाक वर करून म्हणाली, “काय जळतंय वो?” मलाही वास आला. मी डाळीत झारा घालून तळ खरवडून पाहिला, भाताचं झाकण काढलं, सगळं ठीक. माझ्या हातून डाळ कधी लागत नाही. वास मात्र वाढतच चालला. शेवटी सुनंदाने माझ्या पायाकडे बघितलं आणि मला मागे ओढलं. चुलाणातून निसटलेल्या निखाऱ्यावर मी पाय देऊन उभा होतो.

दुसऱ्या कुणाचा पाय असता तर तो माणूस गावभर नाचला असता. मी हळद आटपली, शेवटची पंगत उठवली आणि मगच गाडीत बसलो. त्याचंही मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “यात कौतुक करण्यासारखं काही नाही. आणखी उशीर झाला असता तर आज वेगळ्या विषयावर बोललो असतो.”

जखम अंगठ्याच्या मुळाशी होती. त्यांनी डिब्राइडमेंट केलं, म्हणजे मेलेलं मांस कापून स्वच्छ केलं. भूल दिली होती, पण तिची फारशी गरज नसावी. एक्स-रे काढला. हाडापर्यंत काही गेलेलं नव्हतं. इन्सुलिन सुरू झालं. इन्सुलिन म्हणजे शरीरात साखर पचवणारं जे द्रव्य कमी पडतं, ते सुईने पोटात द्यायचं. सुई टोचून घ्यायला मी घाबरत होतो, आणि निखाऱ्यावर उभा राहिलेला माणूस सुईला घाबरतो म्हणून नर्सबाई हसत होत्या.

घरी सोडताना मॅडमनी सुनंदाला आणि मला समोर बसवलं. “जखम भरायची असेल तर साखर खाली आलीच पाहिजे. ती नाही आली तर अंगठा काढावा लागेल. तेवढ्यावर भागलं तर नशीब म्हणा.”

अंगठा ही काय चीज आहे ते चालणाऱ्या माणसाला कळत नाही. भरलेला टोप चुलाणावरून उचलताना पाय जमिनीत रोवला जातो तो अंगठ्यावर. तो गेला तर मी गल्ल्यावर बसणारा माणूस होणार, आचारी राहणार नाही. आमच्या वस्तीतल्या विहारात दरवर्षी वर्षावासाच्या समारोपाला मी जेवण करतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज ग्रंथवाचन चालतं आणि शेवटी सगळ्या वस्तीची पंगत बसते. ती माझी पंगत. बापाच्या मागे मी ती कधी चुकवलेली नाही. मी मनात म्हणालो, अंगठा राहिला तर आश्विनात उभा राहीन, नाहीतर कोणीतरी दुसरा झारा धरील आणि मी खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढीन.

मॅडमनी सांगितलं होतं, भात कमी, गोड बंद, अर्धं ताट भाजी. पालेभाज्या खा, मेथी खा, कारलं खा. मी मान डोलावली, पण मनातून कोसळलो होतो. लहानपणापासून मी हिरवी भाजी ताटाच्या कडेला लावणारा माणूस. कडू म्हणाल तर नावच नको. मेथी मी आयुष्यभर शिजवली आणि आयुष्यभर खाल्ली नाही. बुंदी पाडताना पाकाची तार बोटावर बघायची आणि बोट चाटायचं, हे माझं खरं जेवण.

तरी कारल्याबद्दल मला भीती नव्हती. कारण माझं कारलं कडू लागत नाही. हा माझा लौकिकच आहे. लग्नात लहान मुलं माझं कारलं मागून खातात. एकदा पोलादपूरला एका वऱ्हाडी बाईने मला बोलावून विचारलं होतं, “ही कसली भाजी?” तेव्हापासून मी छाती काढून फिरतो.

म्हणून घरी आल्यावर मी रोज कारलं करायला लागलो. पाय खुर्चीवर ठेवून, बसल्या बसल्या. सकाळी वाटीभर, रात्री वाटीभर. भात सोडला. चहातली साखर सोडली. सुनंदा म्हणायची, “पथ्य लय कडक चाललंय तुमचं.” मलाही तसंच वाटायचं. पाव्हणे जखम बघायला यायचे, त्यांना मी कारल्याची वाटी दाखवायचो.

साखर हलेना. ड्रेसिंगला गेलं की मॅडम जखम पुन्हा पुन्हा तपासायच्या. कडा काळ्या पडू लागल्या होत्या. एक दिवस त्यांनी हातमोजे काढून ठेवले आणि खुर्ची ओढून बसल्या. “विलासराव, नक्की काय खाता ते सांगा. खोटं बोलू नका.”

“मॅडम, कारलं. रोज दोन वेळा.”

“कसं करता?”

असा प्रश्न आचाऱ्याला विचारला की तो रंगात येतो. मी सांगायला लागलो. कारली पातळ चिरायची, मीठ चोळून ठेवायची, मग दोन्ही तळहातांत घट्ट पिळून हिरवं पाणी सगळं काढून टाकायचं. तेल सढळ. त्यात कारली कुरकुरीत तळून घ्यायची. चिंचेचा कोळ, दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि चवीपुरता गूळ.

“चवीपुरता म्हणजे किती?”

मी मूठ करून दाखवली.

मॅडम माझ्या मुठीकडे बघत राहिल्या. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या नर्सबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी म्हणालो, “गूळ आहे मॅडम, साखर नाही घातली.” खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं. आमच्याकडे गूळ म्हणजे औषध. बाळंतिणीला गूळ, उन्हातून आलेल्याला गूळ. त्याचा साखरेशी संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

“तुमच्या नसांना दोन्ही सारखंच,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही कारलं खात नव्हतात. कारल्याच्या नावाने मिठाई खात होतात.”

त्यांनी मला पुन्हा दाखल करून घेतलं. अंगठ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “आता काही सांगू शकत नाही. थोडे दिवस बघू.” इतकी भीती मला तोपर्यंत वाटली नव्हती. ती अंगठ्याची होतीच, पण आणखी एक गोष्ट मनाला लागली. ज्या पदार्थाचा मला अभिमान होता त्यानेच माझा पाय खायला घेतला होता. सुनंदा धीर देत होती आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.

दवाखान्याचं जेवण यायचं, त्यात उकडल्यासारखी दुधी नाहीतर पालक. मी औषध गिळावं तसं पाण्याबरोबर गिळायचो. सुनंदा ताट उचलताना रोज बघायची. पंगत उठली की आधी उष्ट्या पत्रावळी बघायच्या ही माझी सवय. काय उरलं, काय संपलं ते पानावर कळतं, तोंडावर सगळे छानच म्हणतात. तीच सवय तिने आता माझ्यावर लावली होती. “आजपन कडेला ठेवलाव,” एवढंच म्हणायची आणि ताट घेऊन जायची.

शेजारच्या पलंगावर पोलादपूरकडचे एक काका होते. आंबेनळीच्या खालच्या वाडीतले शेतकरी, गवताच्या उतारावरून घसरून पाय मोडलेले. त्यांची बायको, काकी, रोज पहिल्या गाडीने डबा घेऊन यायची. एक दिवस तिने डबा उघडला आणि मला वास आला. लसणीचा, कांद्याचा, आणि त्याच्या मागे काहीतरी हिरवं, उग्र. माझं नाक अजून शाबूत होतं. मी विचारलं, “काय आहे काकी?”

“भारंगी. पाऊस झाला ना, पाला आलाय कोवळा. घेताव जराशी?”

भारंगी मला माहीत होती. पावसात डोंगराला येणारी ही रानभाजी आमच्या आईनेही केली असणार, पण मी कधी तोंडाला लावली नव्हती. मी म्हणालो, “कडू असते ती.”

“कडू हायच,” काकी म्हणाली. “कडू नसंल ती भारंगी कसली?”

तिने नाचणीच्या भाकरीच्या तुकड्यावर भाजी घालून माझ्या हातात दिली. मॅडमनी भाकरी चालेल म्हटलं होतं. नाही म्हणायला मला जमलं नाही. मी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. काका हसले. “लगेच पानी पिऊ नका,” काकी म्हणाली. “भाकर चावा. भाकर चावत ऱ्हावा.”

मी चावत राहिलो. आणि मग जे झालं ते मी आचारी म्हणून तुम्हाला सांगतो. कडूपणा जिभेच्या मागे गेला आणि भाकरी गोड लागायला लागली. नुसती नाचणीची भाकरी, तिच्यात गूळ नाही, तूप नाही, काही नाही. एवढी वर्षं मी टोपात मुठीने गोडवा ओतत होतो आणि तो भाकरीत आधीच होता, फक्त त्याच्या शेजारी काहीतरी कडू असायला हवं होतं. मी दुसरा घास मागितला. मग तिसरा. काकांना त्या दिवशी भाजी कमी पडली असणार.

“कशी केलीत?” मी विचारलं. काकी म्हणाली, पाला एकदा उकळून पाणी टाकायचं, पिळपिळ पिळायचा नाही. कांदा, लसूण, मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. संपलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुमी आचारी ना? तुमाला काय शिकवायचं.” मी म्हणालो, शिकवा.

त्या दिवशी सुनंदाने दवाखान्याचं ताट उचललं तेव्हा कडेला पालक नव्हता. तिने ताट थोडं तिरपं करून बघितलं, खाली तर सांडला नाही ना म्हणून पलंगाखालीही बघितलं.

जे लोक माझ्यासारखे नुकतेच या वाटेला लागलेत त्यांना इथे एक गोष्ट ठासून सांगतो. भाजीने जखम भरत नाही. माझी जखम इन्सुलिनने, गोळ्यांनी, ड्रेसिंगने आणि मॅडमच्या हाताने भरली. आमचे एक पाव्हणे बाटलीभर कारल्याचा रस घेऊन आले होते आणि म्हणत होते गोळ्या सोडून हा घे. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “रसाच्या भरवशावर गोळी सोडणारे माझ्याकडे बेशुद्ध नाहीतर पाय काळा करून येतात.” भाजीचं काम एवढंच, की तिने ताटातली जागा अडवावी आणि पोट भरावं. पण ती रोज, दोन वेळा, मनापासून खाता आली तरच जागा अडवते. गिळलेली भाजी चार दिवस टिकते, मग माणूस पुन्हा बुंदीकडे जातो. म्हणून मी ठरवलं, आवडूनच घ्यायचं.

घरी आल्यावर मी कारलं पहिल्यापासून शिकलो. पाय वर, विळीवर बसता येईना म्हणून टेबलावर सुरी. मीठ चोळणं बंद, पिळणं बंद. पहिल्या दिवशी नुसतं वाफवलं, ते वाईट झालं, कबूल करतो. दुसऱ्या वेळी जाड चिरलं, मधे कच्चं राहिलं. मग लक्षात आलं की कारल्याला ओलं ठेवलं की ते कडू आणि उदास लागतं, पण लोखंडी तव्यावर सावकाश कोरडं भाजलं की कडा तांबूस होतात आणि कडूपणाला एक खमंगपणा येतो. थोडंसं तेल, ठेचलेली लसूण, दोन आमसुलं, वरून भाजलेल्या तिळाची पूड. चिंच नाही, गूळ नाही, कूट नाही. सुनंदा पहिला घास घेऊन म्हणाली, “कडू हाय.” मग दुसरा घेतला. मग म्हणाली, “पन सोडवत नाय.” माझ्या धंद्यात याच्यावर शाबासकी नाही.

श्रावणात मेथी आणली आणि तिचा पाला न पिळता परतला. भारंगीला फुलं आली तेव्हा काकींनी काकांच्या तपासणीला येताना पिशवीभर आणून दिली. मी त्यांना माझं कारलं दिलं. मला वाटतं आमच्यात तो सौदा बरोबरीचा झाला.

साखर खाली येत गेली. काळ्या कडा गेल्या, जखमेच्या तळाला लाल दाणेदार मांस दिसायला लागलं. मॅडम त्याला ग्रॅन्युलेशन म्हणायच्या. ते जखम भरत असल्याचं लक्षण. असा लाल रंग मी कधी इतक्या प्रेमाने बघितला नव्हता. भाद्रपदात एक दिवस त्यांनी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधलीच नाही. “अंगठा तुमचाच राहिला,” म्हणाल्या. सुनंदा रडली. मी पण रडलो, आणि ते लपवायला वाकून अंगठ्याकडे बघत बसलो.

तळव्याची जाणीव मात्र परत आली नाही, येणारही नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. आता मी चुलाणाशी बूट घालून उभा राहतो. रोज आरसा धरून तळवे बघतो. ही सवय ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आजच लावून घ्यावी, पाय दुखत नसेल तर आधी लावावी.

आश्विन पौर्णिमा जवळ आली तसे विहार समितीचे गुरुजी घरी आले. काय काय करायचं ते ठरवायला. मी म्हणालो, “बुंदी, डाळ, भात, भाकरी आणि कारलं.”

“वा, तुमचं गोडाचं कारलं.”

“नाही. गूळ न घातलेलं.”

गुरुजी घरात आल्यापासून पहिल्यांदा गंभीर झाले. “विलासराव, समारोपाची पंगत आहे. माणसं वर्षाने एकत्र बसतात. त्यांच्या पानात कडू वाढायचं?”

मी म्हणालो, “पहिली पंगत उठली की आपण दोघं पत्रावळी बघू. पानात कारलं दिसलं तर दुसऱ्या पंगतीपासून बटाटा वाढा, आणि पुढच्या वर्षापासून झाराही दुसऱ्याला द्या.” बोलून गेलो आणि मग वाटलं, जरा जास्तच बोललो. पण शब्द मागे घेणं मला जमत नाही.

त्या दिवशी मी बूट घालून चुलाणाशी उभा राहिलो. भाताचा टोप दोघांनी उचलायचा असतो, एक कान मी धरला. पाय रोवला तेव्हा अंगठा जमिनीवर दाबला गेला की नाही हे मला कळत नाही, पण टोप हलला नाही म्हणजे दाबला गेला असणार. कारलं मी तीन मोठ्या लोखंडी कढयांत, हलक्या आचेवर, दुसऱ्या कुणाला हात लावू न देता भाजलं.

पहिली पंगत बसली. मी लांबून बघत होतो. पहिल्या घासाला माना थोड्या मागे गेल्या. कोणीतरी म्हणालं, “आज दादा गूळ विसरलं वाटतं.” मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग भाकरी चावायला लागले. मग वाढप्यांना हाका सुरू झाल्या, आणि त्या बुंदीसाठी नव्हत्या. एक म्हातारी माझ्याकडे बोट करून म्हणाली, “त्याला सांगा, कारला इकडं आन म्हनावं.” पंगत उठल्यावर गुरुजी आणि मी वाकून पानं बघत गेलो. काही पानांत भात होता, दोन-चारांत बुंदी होती. कारलं नव्हतं. गुरुजींनी कंबर सरळ केली आणि थेट दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले. त्यांनी तीनदा मागून घेतलं, मी मोजत होतो.

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही राबणारे बसलो. माझ्या पानात भात आला, डाळ आली, भाकरी आली. मी म्हणालो, “कारलं?”

वाढणाऱ्याने कढई तिरपी करून दाखवली. रिकामी. तिन्ही रिकाम्या.

मी खरोखर चिडलो. “माझ्यासाठी वाटीभर ठेवायचं कुणाला सुचलं नाही?” वाढणाऱ्याने कढई खाली ठेवली. सुनंदा मात्र हसायला लागली, आणि हसता हसता खालीच बसली. “जन्मभर कारला कडेला लावणारा मानूस,” ती बाकीच्यांना सांगत होती, “आज कारल्यासाठी भांडतोय बगा.”

मी कुणाचंच ऐकलं नाही. भाकरी हातात घेऊन उठलो, कढईपाशी गेलो आणि तिच्या कडांना चिकटलेलं करपलेलं कारलं भाकरीने पुसून, उभ्याउभ्या, दोन्ही पायांवर, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.